लाईनीतली जादा माणसं

शिक्षण माझं सातवीपर्यंत. नातवाला सांगून ठेवलंय की लिहिताना चुकलेलं तेवढं नीट कर, माझे शब्द बदलू नको. मागं गावचं लिहिलं तेव्हा हात भराभर चालला. आता कॅम्पातलं लिहायला बसलो तर पेन हातात धरून नुसता खिडकीकडं बघत राह्यलो. ही असती तर म्हणाली असती, "ते कशाला उकरता आता? लोकं काय म्हणतील?" ही ह्याच उन्हाळ्यात गेली. आता लोकं म्हणजे कोण, मला समजत नाही. म्हणून लिहून राह्यलो.

बाप गेला तेव्हा मला मिसरूड फुटून राह्यलं होतं. गाव आमचं अंतरवाली सराटीच्या अलीकडं, सगळं कोरडवाहू. रान थोरल्या भावाच्या ताब्यात गेलं अन भाकरी वहिनीच्या. भाकरी ती द्यायची, न्हाई म्हणायचं काम नाही, पण ताटात टाकताना अशी टाकायची की ती ताटात वाजायची. एक दिवस मी पिशवीत दोन सदरे कोंबले अन आक्काकडं जालन्याला आलो. आक्का माझी मोठी बहीण. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, फौजेत शिपाई. माणूस कमी बोलायचा. मला बघितलं, पिशवीकडं बघितलं, अन आक्काला म्हणाले, "पडवीत झोपंल तो." झालं. माझ्या राहण्याची बोलणी एवढ्यावर आटोपली. पडवीत आधी दाजीच्या आईची बाज होती, हे मला लई दिवसांनी कळलं. म्हातारी गावाकडं राहायला गेल्ती, लेकाच्या घरात जागा पुरंना म्हणून, अन तिच्या जागंवर मी पसरलो होतो. मला कोणी सांगितलं नाही अन मी विचारलं नाही.

कॅम्प जालन्याच्या बाहेर, रस्त्यापासून आत, माळावर होता. माळ उतरता. सगळ्यात वर टेकाडावर पाण्याची टाकी. टाकीच्या खाली साहेब लोकांचे बंगले, त्यांना गुलमोहर अन मेंदीचं कुंपण. त्याच्या खाली सुभेदारांची जोडघरं, मंग हवालदार, मंग नाईक, अन मंग शिपायांच्या लांबच लांब लाईनी, घराला घर चिकटलेल्या. अलीकडच्या घरात कांदा चिरला की पलीकडच्याच्या डोळ्यात पाणी. पार तळाला, तारेच्या कुंपणाजवळ, वढ्याच्या काठी आचारी, धोबी, न्हावी, मोची, झाडूवाले ह्यांची लाईन. टाकीचं पाणी सुटलं की ह्याच रस्त्यानं खाली यायचं. बंगल्यातले गुलमोहर पिऊन झाले की सुभेदारांना, त्यांच्या बाया न्हाऊन झाल्या की हवालदारांना. आमच्या नळाला येईपर्यंत धार करंगळीएवढी व्हायची अन तळाच्या लाईनीत नळातून नुसती हवा फुसफुसायची. नळावर नंबर भांड्यानं लागायचा नाही, नवऱ्याच्या बाहीवरच्या फितीनं लागायचा. नाईकाची बायको उशिरा आली तरी तिचा हंडा आधी. आक्का बाजूला सरकायची अन पदर तोंडात धरून म्हणायची, "भरा बाई, तुमच्या फितीला तहान जास्त." नाईकीण बी हसायची अन भरायची.

माणसं म्हणाल तर सगळ्या मुलखाची. आमच्या डाव्या भिंतीला कोकणातलं कुटुंब, त्यांच्याकडं सुका बांगडा भाजला की अख्खी लाईन खिडक्या लावायची अन त्यांची पोरं आनंदानं नाचायची. उजव्या भिंतीला खानदेशातली बाई, तिच्या कळण्याच्या भाकरीचा अन भरताचा वास मला आजबी येतो. आक्काकडं ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाचा ठेचा. तिन्ही घरच्या वाट्या भिंतीवरून इकडून तिकडं फिरायच्या, नवरे घरी असोत नसोत. नवरे बहुतेक नसायचेच. कंपनी बाहेर निघाली की गाड्या भरून गडी जायचे अन लाईनीत राहायच्या बाया, पोरं, कोंबड्या. मंग बिगूल वाजायचा तो कोणासाठी वाजायचा, कोण जाणे. पण घड्याळ कोणाकडं नव्हतं, म्हणून बाया बिगुलावर भाकरी टाकायच्या, बिगुलावर पोरांना उठवायच्या. आक्काची पोरगी सुनी तान्ही असताना बिगूल वाजला की दूध मागायची, असं आक्का सांगायची.

आता जादाचं सांगतो. क्वार्टरमध्ये राहायचा हक्क होता शिपायाला, त्याच्या बायकोला अन त्याच्या लेकरांना. आईबापाला ठेवायचं तर शिपायानं स्वतः अर्ज करून मंजुरी आणायची. मेव्हणा, भाचा, पुतण्या, विधवा बहीण, ह्यांना मंजुरीच नाही. पण खेड्यातून माणूस निघालं की ते पगारदार नातेवाइकाकडंच येणार. त्यामुळं प्रत्येक चार भिंतीत कोणीतरी होतंच. अशा माणसाला कॅम्पात जादा म्हणायचे. "तुमच्याकडं जादा किती?" असं बाया एकमेकींना मोकळ्यानं विचारायच्या, कोंबड्या किती विचारावं तसं. मी आक्काच्या घरचा जादा. दिवसा जुन्या जालन्यात मोंढ्यावर, धान्याच्या बाजारात, हातगाडी ओढायचो, संध्याकाळी गेटवरून न येता वढ्याकडून तारंच्या फटीतून आत शिरायचो.

कधीतरी लाईनीची तपासणी निघायची. आदल्या दिवशी दगडांना चुना लागायला लागला की समजायचं. तपासणीच्या सकाळी सगळे जादा बाहेर. फडक्यात भाकरी बांधायची अन वढा ओलांडून पलीकडं बाबूमियांच्या मळ्यातल्या निंबाखाली जाऊन बसायचं, तपासणी उरकल्याचा बिगूल होईपर्यंत. बाबूमियां म्हातारे, त्यांच्या विहिरीवर आम्ही पाणी प्यायचो. आम्हाला बघितलं की म्हणायचे, "आ गए जादा लोगां? बैठो, बैठो. तुम्हारे साब से हमारा निंब बडा है." तिथं बसलेली माणसं आठवली की मला अजून कसंतरी होतं. कोणाची बहिरी आत्या, कोणाचा दहावी नापास पुतण्या, कोणाची नवऱ्यानं टाकलेली बहीण मांडीवर पोर घेऊन. सगळे मान खाली घालून भाकरी खायचे. कोणी कोणाला तुझं गाव कोणतं विचारायचं नाही. ज्या घरात रोज राहायचं त्या घरात आज आपण नाही, असं बसायचं.

नुसतं माणूस निघून भागायचं नाही. त्याची निशाणीबी निघाली पाहिजे. वाळत घातलेला सदरा, भिंतीतल्या खुंटीवरची टोपी, जास्तीची ताटली, उशाची चिंधी. ह्यात सगळ्यात हुशार एक पोरगी होती, तळाच्या लाईनीत लंगरातल्या, म्हणजे फौजेच्या भटारखान्यातल्या, आचाऱ्याची भाची. तीर्थपुरीची. आईबाप नव्हते, मामानं शिवणकाम शिकायला आणलेली. म्हणजे तीबी जादाच. तपासणीच्या सकाळी ती वढ्याकडं निघता निघता आमच्या लाईनीतून यायची अन दारं बघत जायची. "आक्का, ह्या टाचा घासलेल्या चपला कोणाच्या? दाजी तर बाहेर हायत." "काकू, न्हाणीघरात दोन दाढीचे साबण कामून? मालक काय गालाला एक अन गळ्याला एक लावतेत का?" बाया हसत हसत वस्तू उचलायच्या. मला तिचा राग यायचा. एकदा मला म्हणाली, "तुमचा तो लाल गमछा दोरीवर फडकून राह्यलाय. झेंडा लावलाय का, मी हितं राह्यतो म्हणून?" तिचं नाव कौसल्या. पुढं तीच माझ्या घरात आली. पण ते नंतर.

त्या साली पावसाळ्याच्या तोंडी कोकणातल्या कुटुंबाच्या घरात तपासणीला त्यांचा मेव्हणा सापडला. तापानं फणफणला होता, उठता आलं नाही, म्हणून पांघरूण घेऊन कोपऱ्यात पडला. बस. संध्याकाळच्या आत क्वार्टर खाली. त्यांचा पाटा, पिंप, बांगड्याची बरणी, पोरांची दप्तरं, सगळं लाईनीच्या रस्त्यावर. गडी कंपनीबरोबर बाहेर, बाईच्या कडेवर लहानगं. गाडी येईस्तोवर ती त्या सामानावर बसून राह्यली अन बाया दारात उभ्या राहून बघत राह्यल्या. जवळ कोणी गेलं नाही, जावं तर आपल्या घरातलाबी जादा डोळ्यावर येईल. आक्का आत येऊन चुलीपुढं बसली अन मला म्हणाली, "भाग्या, आपल्यावर असं आलं तर मी कुठं जाऊ रे? गावाकडं घर पडलंय, उरल्या एका खोलीत म्हातारी कशीबशी राह्यते." तापलेला मेव्हणा तो होता, धडधाकट मेव्हणा मी होतो, फरक एवढाच.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी म्हातारी आली. दाजीची आई. मी तिला मावशी म्हणायचो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. गावाकडं ती चुलीत हात घालून बसली, भाजली, तेव्हा शेजाऱ्यांनी तिला यष्टीत बसवून पाठवून दिली. दाजी बाहेर, लांब, कधी येतील ठाव नाही. अर्ज करायला त्यांची सही लागणार. आक्कानं म्हातारीला दवाखान्यात नेलं, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या काळी ऑपरेशन झालं की डोळ्यावर हिरवी पट्टी अन कितीतरी दिवस उताणं पडून राहायचं. डॉक्टरनी आक्काला बजावलं होतं, मान हलवायची नाही, वाकायचं नाही, डोळ्याला धूळ अन दणका बिलकुल नको. मी पडवी सोडली अन घराच्या मागं फरशीवर झोपायला लागलो. मावशीची बाज तिच्या जुन्या जागंवर आली. पट्टीखालून ती म्हणायची, "ह्या पडवीचा वारा मला वळखू येतो. हितं माझी बाज होती." मंग मला सगळं समजलं. तिनं मला टोमणा मारला नाही, नुसतं सांगितलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

अन तेवढ्यात दगडांना चुना लागला.

आक्काच्या तोंडचं पाणी पळालं. ती म्हणाली, "सासूबाईंला इथंच राहू देऊ का रे? साहेब आला तर हात जोडीन, सांगीन आत्ताच आल्यात." खानदेशातली बाई भिंतीवरून म्हणाली, "बाई, कोकणवालीनंबी हातच जोडले होते." मावशी उताणी पडल्या पडल्या म्हणाली, "मला वढ्याकाठी नेऊन सोडा. मी दगडावर बसते." पण वढ्याला पाणी आल्तं, चिखल झाल्ता, अन तारंच्या फटीतून वाकून जायचं. वाकायचं तर नाही. तेव्हा मी शहाणपणा केला. मला वाटलं, आपण ह्या घराचं इतकं खाल्लंय, आज आपली अक्कल दाखवू. मी म्हणलं, "मोंढ्यावरून हातगाडी आणतो. खाली गादी, त्यावर मावशी, वरून गादी. गाद्या पिंजायला चालल्यात म्हणून गेटातून नेतो. वढा बी नको, वाकायला बी नको. गेटवर आपल्याच कंपनीचा मागं ठेवलेला गडी राह्यतो, तो हात लावायचा न्हाई." आक्का माझ्याकडं बघायला लागली. तिला ते पटलं. मला अभिमान वाटला. त्या अभिमानाची मला जेवढी लाज वाटते तेवढी त्यानंतरच्या कशाचीच वाटत नाही.

सकाळी गाडी लाईनीत लावली. आक्कानं अन मी मावशीला उचललं. वजन काहीच नव्हतं, भिजलेल्या गोधडीएवढं. तिनं दोन्ही हातांनी पट्टी धरून ठेवलेली. वरून आक्कानं गादी टाकली, तोंडापाशी श्वासापुरती फट ठेवली. सुनीला दारात उभं करून आक्का तिची उजळणी घेऊन राह्यली होती. "घरात कोण कोण?" "बाबा, आई, मी." "अन मामा?" "मामा न्हाई." "अन आजी?" पोरगी गादीकडं बघून म्हणाली, "आजी न्हाई." कौसल्या नेहमीसारखी लाईनीतून आली. तिनं गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. तिची बोलायची खोड, पण त्या दिवशी बोलली नाही. पायरीवर मावशीच्या चपला राह्यल्या होत्या, त्या तिनं उचलल्या अन पदराखाली घेतल्या.

लाईनीपासून गेटपर्यंतचा रस्ता खडीचा. मोंढ्यावर मी दोन-दोन पोती एका दमात ओढायचो, पण त्या दिवशी एकेक खड्यावरून चाक उचलून ठेवल्यासारखी गाडी नेली. तरी दणके बसायचे ते बसलेच. दर दणक्याला गादीखालून बारीक "आई" असा आवाज यायचा अन मी हळूच म्हणायचो, "आलं मावशी, आलं गेट." गेटवर आमच्या कंपनीचा ओळखीचा जवान होता खरा. पण त्याच्या बाजूला नवीन आलेले साहेब उभे, हातात वेताची छडी, मागं सुभेदार. त्यांनी त्या दिवशी तपासणी गेटपासूनच सुरू केली होती.

"क्या है गाडी में?"

"गाद्या साहेब. पिंजायला नेऊन राह्यलोय."

साहेबांनी छडीचं टोक गादीत रोवलं. जोरात नाही. गादी पिंजायच्या लायक झालीय का, हे बघावं तसं. एकदा इकडं, एकदा तिकडं. तिसऱ्यांदा रोवली तशी खालून आवाज आला, "माणूस हाय बाबा. हळू."

जवानानं मान खाली घातली. साहेबांनी छडी अशी मागं घेतली, जणू तीच त्यांना चावली. "हटाओ," म्हणाले. मी वरची गादी उचलली. मावशी उताणी, केसात कापूस, हिरव्या पट्टीवर दोन्ही हात. उन्हाकडं तोंड आलं तसं तिनं ते वळवलं नाही, डॉक्टरनी सांगितलं होतं मान हलवू नको. साहेबांना मराठी येत होती, मोडकीतोडकी. म्हणाले, "आजी, तुम्ही कोण? कुठून आल्या?"

मला वाटलं, आता गेलं. क्वार्टर गेलं, आक्का रस्त्यावर, सुनीचं दप्तर खडीवर. मावशी म्हणाली, "लेकाला भेटाया आल्ते साहेब. लेक तुमच्या कामाला बाहेर गेलाय, भेट न्हाई झाली. डोळ्याचं आपरेशन झालं, आता चालले गावाला."

"गादीखाली कशाला?"

"डोळ्याला ऊन अन धूळ चालत न्हाई. डाक्टरनं सांगितलंय."

"आणि हा कोण?"

मावशीनं पट्टी आणखी घट्ट धरली. मंग म्हणाली, "हमाल हाय. गाडी भाड्यानं केली."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. लई वेळ बघितलं. त्यांना सगळं समजलं होतं, मी आज तुम्हाला खात्रीनं सांगतो. मला त्यांनी विचारलं असतं, ओरडले असते, तर मी काहीतरी बोललो असतो. ते ओरडले नाहीत. जवानाला म्हणाले, "आजींना पाणी द्या." जवानानं पेल्यानं पाणी आणलं, मावशीला उठता येईना म्हणून मी तिच्या ओठाला लावलं, अन अर्धं गळ्यावर सांडलं. मंग साहेब मला म्हणाले, "हमाल गेट के अंदर नहीं आएगा. गाडी बाहर खडी रखना. और धीरे ले जाओ, आदमी है." मी "जी साहेब" म्हणालो अन गाडीच्या दांड्यात शिरलो. माझी पाठ त्यांच्याकडं होती, म्हणून तोंड कोणाला दिसलं नाही. गाडी हलकी लागली, म्हणून मागं बघितलं. कौसल्या मागून ढकलून राह्यली होती. गेटातून ती कधी जायची नाही, जाद्यानं गेटातून जायचंच नसतं. त्या दिवशी ती साहेबांच्या पुढून, हमालाची कोणीतरी असल्यासारखी, ताठ मानेनं बाहेर आली.

रस्त्याच्या कडेनं फेरा मारून बाबूमियांच्या मळ्यात गेलो. निंबाखाली बाकीचे जादा आधीच येऊन बसले होते. बाबूमियां गाडीपाशी आले, मावशीला बघितलं अन त्यांचं नेहमीचं वाक्य गिळून टाकलं. आपल्या डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी तिच्या तोंडावर आडवा धरला, मंग तो कौसल्यानं धरला. हात दुखला की दुसऱ्या हातात, असं ती बिगूल होईपर्यंत धरून राह्यली.

मावशी म्हणाली, "सावली कोणाची हाय ही?"

"मी हाय, आजी. आचाऱ्याची कौसा."

"तूबी जादा का?"

"व्हय."

मावशी हसली. हसल्यावर लगेच पट्टी दाबली. "लेकाचं घर," म्हणाली, "अन मीबी जादा. बघ." थोड्या वेळानं मला म्हणाली, "पोरा, तुला हमाल म्हणले, वाईट वाटून घेऊ नको."

"हमालच हाय मी, मावशी."

"तसं न्हाई म्हणले मी," ती म्हणाली. मी भाकरी सोडली अन तशीच मांडीवर ठेवली. कौसल्या म्हणाली, "खा. तुमच्या न खाण्यानं त्या डोळ्याला काय व्हणार हाय?" अशीच बोलायची ती. मरेपर्यंत अशीच बोलली.

साहेब आमच्या दारात आल्ते, हे आक्कानं सांगितलं. सुनीनं पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. साहेबांनी पडवीतल्या रिकाम्या बाजेकडं बघितलं, बाजेवर अजून मावशीच्या अंगाचा खळगा होता, अन पुढच्या दारात गेले. क्वार्टर वाचलं. ऊन उतरल्यावर साहेब बंगल्यात गेले, तेव्हा गेटवरच्या त्याच जवानानं तोंड फिरवलं, आक्कानं अन कौसल्यानं मावशीला गाडीवरून आत नेलं अन मी वढ्याकडून शिरलो. आक्का रडली नाही की हसली नाही. तिनं सांजेला गोड शिरा केला अन तो कोणी खाल्ला नाही.

पट्टी सोडायच्या दिवशी मी दवाखान्यात सोबत गेल्तो. डॉक्टरनी डोळा उघडून, बत्ती मारून लई वेळ बघितलं. मंग विचारलं, "आजी, मध्ये दणका बसला का? कुठं प्रवास केला का? खरं सांगा." आक्कानं माझ्याकडं बघितलं, मी भिंतीकडं. मावशी शांतपणानं म्हणाली, "न्हाई बाबा. मी गाद्यावरच होते." डॉक्टर म्हणाले, मंग माझ्याच हाताचा दोष असंल. तिनं तेही खोडून काढलं, म्हणाली, "तुमचा हात चांगला हाय. माझं वयच झालं." त्या डोळ्यानं तिला सावली दिसायची, माणूस नाही. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तिनं करू दिलं नाही. दाजी आले तेव्हा कोणी काही सांगितलं नाही. त्यांनी रीतसर अर्ज केला, आईची मंजुरी आली, पडवी तिची झाली. मी जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानामागं खोली केली. जायच्या दिवशी मावशीच्या पाया पडलो तर तिनं माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, कपाळ, नाक, मिसरूड. "आता समजलं कसा हायस," म्हणाली. माझं तोंड तिला बघायला मिळायला हवं होतं. मीच ते मिळू दिलं नाही, अन ती माझंच तोंड कुरवाळून राह्यली होती.

कौसल्यासंगं लग्न झालं, पोरं झाली, खोलीचं घर झालं. आमच्यात त्या दिवसाचं बोलणं कधी निघालं नाही. पण तिची एक सवय गेली नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नावाच्या घरात, ती आपली एक वस्तू बाहेर ठेवायची नाही. चपला दारात नाहीत, पलंगाखाली आत सरकवलेल्या. फणी कपाटात वरती. लुगडं वाळलं की लगेच घडी. चष्मा बी उशाखाली. मी चिडायचो, "कोण येऊन राह्यलंय तपासायला?" ती म्हणायची, "असू द्या. घर मोकळं दिसतं." मला ते नीटनेटकेपण वाटायचं. माझी अक्कल ती तेवढीच.

ह्या उन्हाळ्यात तिला मसणवट्यात पोचवून आल्यावर मी घरात आलो अन तिचं काही सापडतंय का म्हणून बघायला लागलो. दाराशी बघितलं, दोरीवर बघितलं, न्हाणीत बघितलं, चुलीपाशी बघितलं. कुठं काही नाही. एवढी वर्षं ज्या घरात ती राह्यली त्या घरात कोणी बाई राह्यली होती असं दिसंना. पोरं समजली बाप भ्रमिष्ट झाला. मी खाली बसलो, पलंगाखाली हात घातला अन पार भिंतीपाशी तिच्या चपला लागल्या.

आता मी लेकाकडं राह्यतो. त्या चपला मी संगं आणल्यात. त्याच्या दारात, बराबर मधोमध, मी त्या ठेवतो, अन त्यांच्या शेजारी माझ्या. सून येता-जाता अडखळते. म्हणते, "मामा, कडंला काढा ना चपला. आईंच्या तर आत ठेवा." सून चांगली आहे. रागानं म्हणत नाही. मी हो म्हणतो अन तशाच राहू देतो.